पितळ उघडं पडलं

निवृत्त माणसाने बाग करावी, भजनी मंडळात जावं, फार तर सोसायटीचं सेक्रेटरीपद घ्यावं. आमच्या ह्यांनी स्वयंपाकघर घेतलं. स्वयंपाक नव्हे, स्वयंपाकघर. ओट्याचा कडप्पा तडकला होता, तो बदलायचा एवढंच निमित्त. "बदलतोच आहोत तर रेट्रो करू या," म्हणाले. उभ्या संसारात ह्यांना पोह्यांचा डबा कुठला आणि रव्याचा कुठला हे कधी कळलं नाही. तरी डब्यांनी कसं दिसावं याबद्दल मतं मात्र ठाम.

डिझायनर मुलगी आली. तिने चित्रं दाखवली: बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी फरशी, पिस्ता रंगाचा गुबगुबीत फ्रिज. हे सगळं १९५० च्या दशकातल्या अमेरिकेतलं. तेव्हा आमच्या पेठेत फ्रिज म्हणजे माठ आणि फरशी शहाबादी! पण त्या फ्रिजची किंमत ऐकल्यावर ह्यांचा स्वदेशी बाणा जागा झाला. "आपलं रेट्रो वेगळं. आईचं स्वयंपाकघर उभं करायचं!"

ती आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाहेर मालिका बघत होत्या. पंचाऐंशी वय, पण कान शाबूत. तिथूनच म्हणाल्या, "उभं कर बाबा. फक्त मला त्यात उभी करू नकोस."

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. हे दोन्ही वार मला धास्तीचे झाले. घागर आली, घंगाळ आलं, कडीचे डबे आले, फिरकीचा तांब्या आला. घागरीवर कुणाच्या तरी मुंजीची तारीख कोरलेली. (बटूला एव्हाना नातवंडं झाली असतील.) स्टीलचं वारं आलं तेव्हा सासूबाईंनी असल्याच घागरी मोडीत घालून लखलखीत पातेली घेतली होती आणि त्या आनंदात वाड्याला चहा पाजला होता. तीच मोड लेक आता पैसे मोजून घरी आणत होता. वर पाटा-वरवंटाही आला. तो उचलून आणणाऱ्याने लिफ्ट बंद असल्याचे वेगळे पैसे घेतले. पाट्याला टाकी लावणारी मिळेपर्यंत त्याच्यावर वाटलेली चटणी म्हणजे नुसतं ओलं खोबरं आणि मिरच्यांची देठं.

खरा प्रसंग ओढवला तो आमटीमुळे. नव्या पितळी पातेल्याचं उद्घाटन ह्यांनी स्वतः करायचं ठरवलं. चिंच-गुळाची आमटी केली आणि कौतुकाने तशीच पातेल्यात झाकून ठेवली. रात्री पानात वाढली तर हिरवट झाक आणि जिभेला तांब्याचा पैसा चाखल्याची चव. सासूबाईंनी लांबूनच वास घेतला. "कळकली. कल्हई कोण करणार होतं, तुझा आजा?"

मग कल्हईवाल्याचा शोध. तांबट आळीतून एकाचा पत्ता लागला. त्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाता लावला. तापल्या भांड्यात नवसागर पडला, पांढरा धूर निघाला, त्यावर कथील फिरलं आणि कापसाच्या बोळ्याने भांडं क्षणात चांदीचं झालं. बघायला फार सुंदर, मी खोटं नाही सांगणार. तेवढ्यात धूर बघून सेक्रेटरी पाण्याची बादली घेऊन धावत आले.

उरला स्टोव्ह. रॉकेल मिळेना, म्हणून तो शोभेला ठेवला. तेही सासूबाईंना पटेना. "या मेल्याने माझा पदर जाळला होता. शोभा कसली त्याची?" ह्यांनी पंपाची ती चर्रर्र लय किती छान होती वगैरे सुरू केलं. "लय तुला. पिन मला," सासूबाई म्हणाल्या.

आता सगळं फळीवर मांडून झालंय. पितळ पंधरवड्यात काळवंडतं, म्हणून चिंच-मीठ लावून घासायचं काम ह्यांच्याकडे. पहिल्यांदा घागर घासून झाली तेव्हा कंबर धरून बसले आणि "फळी जरा लहान केली तर?" असं हळूच विचारून पाहिलं.

परवा खाली भांडेवालीची हाक आली. सासूबाई घागर कडेवर घेऊन गॅलरीत. "घेतेस का गं? एक डबा दे, स्टीलचा."

"पितळ नको आजी, कपडे द्या," ती खालून ओरडली.

सासूबाईंनी वळून ह्यांच्या अंगातल्या नव्या झब्ब्याकडे पाहिलं.