नाक वर करण्यापूर्वी

दिवाणखान्यात एखादा रोमन चेहरा असावा असे आपल्या मनाने घेतले असेल, तर एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी: किंमत दगडाची नसते, नावाची असते. कुणा अनोळखी म्हाताऱ्याचे सुरकुतलेले मस्तक पाहुण्यांना काय म्हणून दाखवणार? त्याला खुशाल रोमचा नामांकित वक्ता सिसेरो म्हणावे. डोळ्यांत बाहुल्या कोरलेल्या असतील तर ते काम बहुधा सम्राट हेड्रियनच्या काळातले किंवा त्यानंतरचे, म्हणजे सिसेरोला जाऊन दीडेकशे वर्षे झाल्यावरचे, असे जाणकार सांगतील. म्हणून जाणकारांना त्या दिवशी जेवायला बोलावू नये.

पुढचा प्रश्न नाकाचा. मातीतून निघालेल्या मस्तकाला नाक शाबूत असणे दुर्मीळ, आणि लोकांपुढे नाक वर करायचे तर आधी ते जागेवर हवे. अठराव्या शतकात रोममध्ये पुतळे दुरुस्त करणाऱ्या बार्तोलोमेओ कावाचेप्पीच्या कारखान्यात नाक, कान, हनुवटी, हवे ते बसवून मिळे. नवा तुकडा फारच गोरा दिसू लागला तर त्याला तंबाखूचे पाणी लावावे. तिथेच उमेदवारी करून पुढे लंडनमध्ये नावारूपाला आलेल्या शिल्पकार जोसेफ नोलेकेन्सची ही युक्ती सांगतात.

यात फसवणूक आहे असे वाटून मन खात असेल, तर खुद्द रोमनांकडे पाहावे. सम्राट डोमिशियनचा खून होताच त्याच्या पुतळ्यांचे चेहरे तासून त्यांतून पुढचा सम्राट नर्व्हा काढण्यात आला, आणि पुतळ्यांची मस्तके अदलाबदल होतात अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकातच करून ठेवली आहे.

प्रेमात मात्र चार्ल्स टाउनलीचा कित्ता गिरवावा. या अविवाहित, कॅथलिक इंग्रज संग्राहकाने 1772 च्या सुमारास नेपल्समध्ये एका स्त्रीचा अर्धपुतळा घेतला, तिला ग्रीक पुराणातल्या अप्सरेवरून 'क्लायटी' म्हटले, आणि 1780 मध्ये लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध दंगल उसळली तेव्हा ‘बायकोला सांभाळायला हवे’ असे म्हणत, बाकीचा संग्रह तिथेच ठेवून, तिला तेवढी गाडीत घालून नेले, असे सांगतात. तो गेल्यावर 1805 मध्ये ब्रिटिश म्युझियमने त्याची संगमरवरी शिल्पे 20,000 पौंडांना विकत घेतली. त्यात ही बायकोही गेली.

नाक निवडताना मात्र हात आखडू नये. पुढच्या पिढीतले विद्वान ते उपटणार हे ठरलेलेच आहे, पण कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक संग्रहालयात अशा उपटलेल्या नाकांसाठी काचेचे स्वतंत्र कपाट आहे, आणि तिथे पुतळ्यांपेक्षा गर्दी कमी असते असे मुळीच समजू नये.