२५२० चा फॉरवर्ड आणि रामानुजनचं खरं काम

परत तो मेसेज फिरायला लागलाय. २५२० म्हणे जगातला एकमेव आकडा ज्याला १ ते १० सगळ्यांनी निःशेष भाग जातो, असा आकडा असणं अशक्य वाटायचं, मोठमोठे गणिती चक्रावले, आणि मग रामानुजननी त्याचं रहस्य उलगडलं, आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने. आजवर सोडून देत होतो, पण आता सहावीतल्या भाचीनेच पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, असा दुसरा आकडाच नाही ना?"

आहेत की! ५०४०, ७५६०, २५२० च्या पाढ्यातला कुठलाही घ्या. २५२० त्यातला सगळ्यात लहान, एवढंच.

आणि "अशक्य" या शब्दाचा तर मला खरंच राग येतो. अहो, हा साधा लसावि आहे. ८, ९, ५ आणि ७ घ्या. ८ घेतला की २ आणि ४ त्यात आलेच, ९ मध्ये ३ आला, ६ आणि १० साठी लागणारे २, ३, ५ आधीच हजर, करा गुणाकार, २५२०. लसावि युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास मांडून ठेवलाय. जे गणित सहावीतली पोरगी वहीत दोन ओळींत सोडवेल ते तिला चमत्कार म्हणून दाखवलं तर ती पेन्सिल कशाला उचलेल, नुसतं पुढे ढकलेल.

७ × ३० × १२ = २५२० हे बरोबर आहे, मान्य. पण ३० × १२ केल्यावर ३६० दिवस झाले, त्यांना परत ७ ने गुणून मोजलं काय? ३६० ला १ ते १० मधल्या फक्त ७ ने भाग जात नाही, म्हणून ७ लावला की जमतं. बस.

रामानुजनचा संबंध मात्र अगदीच खोटा नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा हायली कंपोझिट नंबर्सवरचा पेपर आला. आपल्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येपेक्षा ज्याला जास्त विभाजक आहेत, तो असा नंबर. २५२० ला ४८ विभाजक आहेत, म्हणून तो त्यांच्या यादीत आहे, पण यादीत तसे १०२ आकडे आहेत आणि शेवटचा आहे ६७४६३२८३८८८००. याला १०,०८० विभाजक! २५२० ची गाडी ११ वरच अडते, याला १ ते २८ सगळ्यांनी भाग जातो, २९ ला पहिल्यांदा अडतो. हे सगळं कॉम्प्युटर नसताना. फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नाही.

त्या यादीतून एकच आकडा सुटलाय, २९३३१८६२५६००. भाचीला म्हटलं, शेवटच्या आकड्याला २३ ने भागून बघ, नेमका तोच येतो. ती भागाकार करत बसलीये.