वाटी शोधून देईन, गडावर मशीन घेऊन येणार नाही

गेल्या महिन्यात नागावच्या किनाऱ्यावर कराडच्या एका ताईंच्या मंगळसूत्राची वाटी वाळूत गेली. लाटेत मुलाला धरताना सर निसटली. सासूबाई "वाढलं गं, असू दे" म्हणून समजूत घालत होत्या, पण ताईंची नजर वाळूवरून हलत नव्हती. त्यांच्या हॉटेलवाल्याने मला फोन केला. माझ्याकडे मेटल डिटेक्टर आहे हे आमच्या पट्ट्यात बहुतेकांना माहीत आहे.

मी पोचलो तेव्हा भरती चढत होती. अशा वेळी काहीच करता येत नाही. पाणी पोटरीपर्यंत होतं की गुडघ्यापर्यंत, आणि पाठीमागे सुरूचं कोणतं झाड होतं, एवढंच ताईंना विचारून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला त्या जागी टाचेने रेघा ओढल्या आणि एकेक पट्टा धरून चकती फिरवायला घेतली.

हे मशीन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो आणि खाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूतही बारीक प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांची चाहूल मशीनला लागते. धातू कोणता हे मात्र ते खात्रीने सांगू शकत नाही. पातळ सोनं आणि चॉकलेटचा चांदीचा कागद जवळजवळ एकाच सुरात वाजतात. म्हणून सोनं हवं असेल तर प्रत्येक आवाजाला खणावं लागतं. त्या सकाळी बाटल्यांची अकरा झाकणं, तंबूचा एक खिळा आणि दोन रुपयांचं नाणं निघालं. सोनं जड असतं. लाटेने वाळू सैल झाली की ते खाली सरकत जातं. वाटी चांगली वीतभर खोल होती. ढेकूळ तळहातावर फोडलं तेव्हा तारेत दोन काळे मणी अजून अडकलेले होते. ताईंनी वाटी समुद्राच्याच पाण्यात धुतली, पदराला पुसली आणि मुठीत घट्ट धरून बराच वेळ तशाच बसून राहिल्या. या कामाचे मी पैसे घेत नाही.

हे इथे लिहिलं आणि इनबॉक्स भरून गेला. निम्मे मेसेज हरवलेल्या अंगठ्या-पैंजणांचे होते, त्यांना जमेल तशी उत्तरं देतो आहे. बाकीचे गुप्तधनाचे. "आमच्या गडावर या, निम्मं निम्मं करू." "वाड्याच्या भिंतीत मोहरांचा हंडा आहे, आजोबा सांगायचे." एकाने लिहिलं, पायाळू माणूस तयार आहे, फक्त मशीन हवं. (पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला; अशाला पुरलेलं धन दिसतं असा समज आहे.) गुप्तधनाच्या नादात आपल्याकडे माणसांचे जीव गेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही.

या सगळ्यांना माझं एकच उत्तर आहे. येणार नाही. का, ते सविस्तर सांगतो.

किनाऱ्यावर पडलेल्या वाटीला मालक आहे, आणि ती वाळूत कुठे पडली होती याला पुढे काही महत्त्व उरत नाही. जुन्या नाण्याचं नेमकं उलटं. ते कुठे होतं, किती खोल होतं, सोबत काय होतं, यातच त्याचा अर्थ असतो. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारले होते. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा डोंगर! क्षहरातांचा वंश गौतमीपुत्राने निखळून काढला, असं त्याची आई गौतमी बलश्री नाशिकच्या लेण्यातल्या लेखात सांगते. आईने मुलाची थोरवी सांगितली एवढंच म्हणून तो लेख बाजूला ठेवता आला असता. त्या साठ्याने तिचा शब्द खरा ठरवला. तीच नाणी चार लोकांनी रातोरात वाटून घेऊन सोनाराच्या मुशीत घातली असती तर?

गावोगावच्या पांढरीच्या टेकाडांचंही तेच. ती पांढरी माती म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, विटा, खापरं, हाडं. मशीन वाजलं म्हणून तिथे हातभर खड्डा घेतला की नाणं हातात येतं आणि थर कायमचे कालवले जातात. पुन्हा ते कुणालाही लावता येत नाहीत. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात एका चित्रपटानंतर, इथे खजिना पुरलेला आहे अशा समजाने, लोक रात्री विजेऱ्या आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते, त्या चित्रफिती आपण सगळ्यांनी पाहिल्या. मला ते बघवलं नाही.

पण नुसतं लोकांना रागावून भागणार नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, नाहीतर वर्षभरापर्यंतची कैद होऊ शकते. सरकारने साठा घ्यायचं ठरवलं तर मोबदला किती? धातूची किंमत, वर तिचा पाचवा हिस्सा. तांब्याच्या नाण्यांसाठी म्हणजे मोडीचा भाव आणि वर वीस टक्के. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने बाजारभावाइतकं बक्षीस मिळतं, शिवाय किरकोळ सापडलेल्या वस्तूंचीही नोंद करून घेणारे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. तिथेही चोर आहेतच. २०१५ मध्ये हेरेफर्डशरला सापडलेल्या साठ्यात सुमारे तीनशे नाणी होती असा अंदाज आहे. शोधणाऱ्यांनी तो लपवला, आणि परत मिळाली ती मूठभर. पण कळवणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही, हा विश्वास तिथे आहे. आपल्याकडे तो तयार करायला हवा.

माझे एक नातेवाईक माण तालुक्यात असतात. नांगरताना त्यांना गाडगंभर शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, लागल्या. माणूस सरळ, पण पंचनामा होईल, जमीन अडकेल, या भीतीने त्यांनी त्या किलोवर मोडीत घातल्या. एकच देव्हाऱ्यात ठेवली आहे. मी ती उजेडात धरली. एका बाजूला तीन ओळी, 'श्री', 'राजा', 'शिव'. दुसऱ्या बाजूला 'छत्र' आणि खाली 'पति' ही अक्षरं. हिरवट थर चढलेला होता, चिंच लावून घासायची नाही म्हणून मी हात जोडले. गाडगं कसं होतं, तोंड झाकलेलं होतं का, ते त्यांना आता आठवत नाही. बांधावर उभं राहून जागा तेवढी दाखवली. विहिरीपासून सतरा पावलं, बाभळीच्या बाजूला. मी ते तारखेनिशी वहीत लिहून घेतलं आणि त्यांची सही घेतली.

तुमच्या घरी असं एखादं नाणं असेल तर ते कुठे सापडलं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहून ठेवा. आणि किनाऱ्यावर काही पडलं तर त्या जागेला काठी रोवा, वेळ बघून ठेवा आणि मला कळवा. ओहोटीला येतो.