घर आमचं, मग दोन टक्के नेमके कशाचे?

सुरतेहून बहीण आली, दोन दिवस थांबली आणि घरविक्रीच्या कागदावर सही न करताच परत गेली. लहान पोराला घेऊन, मे महिन्यात जनरलच्या गर्दीत बसून आली बिचारी, कारण दलालाने छातीठोक सांगितलं होतं की बुधवारी इसार, म्हणजे बयाण्याचा करार, होणारच, पार्टी पक्की आहे, सगळ्या वारसांना हजर ठेवा. बुधवारी अकरा वाजता आम्ही वकिलाकडे जाऊन बसलो, आई पण होती, बारा वाजले, एक वाजला, पार्टीचा पत्ता नाही, दलाल फोन उचलत नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला आणि काय म्हणतो, "भाऊ, धंद्यात असं होतंच." अरे तुझा धंदा असेल, आमचं घर आहे ते! एक शब्द माफीचा नाही. बहिणीला स्टेशनवर सोडून आलो आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहून राहिलो.

जळगावात पिंप्राळ्याकडे वडिलांनी १९९८ साली बांधलेलं घर आहे. वडील एसटीत होते, दीड हजार फुटाचा प्लॉट, खाली तीन खोल्या, वर मोकळी गच्ची, अंगणात लिंबाचं झाड. वडील गेले, मी नोकरीमुळे नाशिकला आहे, आईला एकटीला तिथे ठेवायचं नाही, म्हणून विकायचं ठरलं. विकायचं ठरवणंच जड गेलं आम्हाला. पण त्याच्यानंतर जे सुरू झालं त्याची कल्पनाच नव्हती.

जो तो एकच सांगतो, "एखादा दलाल पकड ना, कशाला डोक्याला ताप." काका सांगतात, शेजारचे आप्पा सांगतात, ऑफिसातले सांगतात. मी म्हटलं आधी स्वतः करून बघू. गेटवर बोर्ड लावला, ऑनलाइन दोन ठिकाणी जाहिरात टाकली, फोटो स्वतः काढले. पहिल्याच दिवशी फोनवर फोन! मला वाटलं झालं काम. कसलं काय भो, दहातले आठ-नऊ दलालच. आणि सरळ सांगतील तर शपथ. "मला माझ्यासाठीच पाहिजे", "माझ्या साल्यासाठी पाहिजे" असं करत पत्ता, लास्ट रेट, कागदं कोणाच्या नावावर, सगळं काढून घ्यायचं, आणि मग हळूच, "आपल्याकडे पार्टी आहे भाऊ, दोन टक्के लागतील." जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं की फक्त घेणाऱ्यांनीच फोन करावा. वाचता येत नाही का?

बरं, जे दोन-तीन खरे गिऱ्हाईक होते ते काय म्हणतात, "दलाल नाही का मध्ये? मग कागद कोण बघणार?" म्हणजे लोकांच्या डोक्यात बसलंय की मध्ये दलाल असला की व्यवहार सेफ. कशाने सेफ? तो काय बघतो? मी विचारलं एकाला की साहेब, जुन्या दस्तांचा सर्च रिपोर्ट तुम्ही काढता का. तर म्हणे तो वकील काढतो. सातबाऱ्यावर वारस नोंद? "ती तुम्ही करून घ्या, तलाठ्याकडे." घरपट्टीवर वडिलांचं नाव आहे, ते बदलायचं? "ते तुम्हीच." मग खरेदीखताचा ड्राफ्ट, वकील. नोंदणीचा टाइम घेणं, वकिलाचा माणूस. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी, घेणारा भरतो. मग तू काय करतोस बाबा? वारस नोंदीसाठी मी नाशिकहून तीन चकरा मारल्या, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, मग फेरफार धरला, त्याच्यावर हरकतीचे पंधरा दिवस थांबलो. वकिलाने सर्च आणि ड्राफ्टचे मिळून १२ हजार सांगितले, आणि तो माणूस खरोखर जुने दस्त काढून वाचत बसला होता, मी बघितलंय. ह्या दलालाचे ४८ लाखांवर दोन टक्के, म्हणजे ९६ हजार! आणि तेवढेच समोरच्याकडून. एका घरामागे १ लाख ९२ हजार, किल्ली घेऊन दार उघडायचे.

आणि दार उघडणं पण कसं ते सांगतो. एप्रिल एंडला आईने शेवटचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले होते गच्चीवर. घर जातंय, पुढच्या वर्षी ही गच्ची नाही, म्हणून हट्टाने घातले, मावशीला अमळनेरहून बोलवून घेतलं होतं. ज्वारी भिजवण्यापासून सगळं त्या दोघींनी केलं. पहाटे घाटा शिजवला आणि ऊन चढायच्या आत जुन्या धोतरावर ओळीने बिबडे थापले. भर दुपारी दीड वाजता, ४४ डिग्री उन्हात, न सांगता न विचारता दलाल पाच माणसं घेऊन आला. बूट घालून सरळ देवघरापर्यंत. एक बाई स्वयंपाकघरातले डबे बाजूला सारून भिंतीची ओल बघतेय. मग सगळे वर, आणि तो दलाल फोनवर बोलत बोलत धोतरावरून चालत गेला. ओल्या बिबड्यांवर बुटाचे ठसे, चार-पाच त्याच्या तळव्याला चिकटलेले, आणि ते त्याने जिन्याच्या पायरीला घासून काढले. आई खालून ओरडली, "मना घरमा हाई काय चाली ऱ्हायनं?" तर तो हसला. मावशीने सांगितलं मला, तो हसला. मी तिथे नव्हतो ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या पाच माणसांपैकी कोणालाच आमचं घर घ्यायचं नव्हतं, हे पण नंतर कळलं. दलालाला त्यांना दुसरंच एक घर दाखवायचं होतं, त्याच्यापुढे आमचं महाग वाटावं म्हणून आधी आमच्याकडे फिरवून नेलं.

आता रेटचं ऐका. एकाने मला सांगितलं, "दोन टक्के पण नको भाऊ, तुम्हाला ४५ हातात देतो, वरचं आमचं." मी म्हटलं विचार करतो. हो म्हटलो नाही, कुठे सही केली नाही. पंधरा दिवसांनी पारोळ्याला एका लग्नात ओळखीतून एक जण भेटले, बोलता बोलता पिंप्राळ्याचं निघालं, तर ते म्हणतात, "लिंबाचं झाड आहे तेच ना? ५३ सांगितले आम्हाला, म्हणून सोडून दिलं." ५३! मी बोर्डावर ४८ लावलेत, बसून बोललं तर थोडं कमी पण करीन. म्हणजे माझं घर ह्याच्यामुळे विकलं जाईना आणि मला हाच फोन करून सांगतो की मार्केट डाउन आहे, तुम्ही थोडं खाली या. घेणाऱ्याला वर चढवायचं, विकणाऱ्याला खाली दाबायचं, आणि मधली फट आपल्या खिशात. त्या काकांना तेव्हाच मी भेटलो असतो तर घर गेलं असतं हो.

आणि रोखीचा विषय. जो येतो तो हेच, "सरकारी व्हॅल्युएशनपुरतं, ३० वगैरे कागदावर दाखवू, बाकी कॅश." मी सीएला विचारलं. १ जून २०१५ पासून नियम आहे, घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर जितकी घेतली तितकाच दंड होऊ शकतो, आणि तो रोख घेणाऱ्याला म्हणजे विकणाऱ्याला, मला! १८ लाख रोख घेतले तर दंड पण १८ लाख. वर तो पैसा बँकेत कसा टाकू, नाशिकला घर घेताना कुठून दाखवू? दलालाला हे सांगितलं तर म्हणे, "सगळे करतात, तुम्हीच पहिले बघितले घाबरणारे." उद्या नोटीस आली तर तू येशील का माझ्यासोबत? सीएने अजून एक सांगितलं की दलाली दिली आणि त्याची रीतसर पावती असली तर ती भांडवली नफ्यातून खर्च म्हणून वजा करता येते. मी आतापर्यंत चार दलालांना विचारलं, पावती द्याल का. चारही जण नाही. दोघे तर चिडले.

एकाने कार्ड दाखवलं, त्याच्यावर मोठ्या अक्षरात रेरा नंबर, म्हणजे बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडच्या नोंदणीचा. मला बरं वाटलं, म्हटलं चला, इथे तरी कोणी विचारणारं आहे. मग नीट वाचलं तर कळलं की २०१७ पासून एजंटला रेराची नोंदणी लागते ती बिल्डरच्या रजिस्टर झालेल्या प्रोजेक्टमधली घरं विकायला. आमच्यासारखं जुनं, स्वतः बांधलेलं घर त्याच्यात येतच नाही. म्हणजे ह्या व्यवहारात फसवलं तर तिथे जाऊन उपयोग नाही, पण कार्डावरचा नंबर बघून माणूस विश्वास ठेवतो.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? एक जण आईसमोर बसून, तिने केलेला चहा पीत पीत म्हणतो, "बहिणीचं नाव कशाला ठेवता, हक्कसोड करून घ्या, एक सही कमी, पार्टीला सोपं पडतं." अरे! वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही, आई, मी आणि बहीण तिघांचा सारखा हिस्सा आहे, कायद्याने आहे आणि कायदा नसता तरी मी दिला असता. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात महिनाभर ती येऊन राहिली होती. तुझी एक सही वाचावी म्हणून मी माझ्या बहिणीला तिचा हक्क सोडायला सांगू? त्याला मी तिथूनच उठवलं.

सगळे दलाल असे आहेत असं मी म्हणत नाही. धुळ्याला देवपुरात माझ्या मावसभावाचं घर गेलं दोन वर्षांपूर्वी, त्याचा एजंट खरोखर चांगला निघाला. घेणाऱ्याचं लोन अडकलं तर तो स्वतः बँकेत जाऊन बसायचा, जुनी बांधकाम परवानगी सापडत नव्हती तर अर्ज करून नक्कल मिळवली, प्रत्येक माणूस आणायच्या आधी फोन करायचा, आणि शेवटी एक टक्का चेकने घेतला, पावती दिली. असा माणूस मला द्या, मी आनंदाने पैसे देतो. कामाचे पैसे द्यायला माझी कधीच ना नव्हती. पण दोन माणसांच्या मध्ये उभं राहून दोघांना एकमेकांशी बोलू न देण्याचे ९६ हजार मी देणार नाही.

काल मी एक साधा कागद केला. एक टक्का, तो पण खरेदीखत नोंदवलं त्या दिवशी, चेकने, पावतीसहित. घर दाखवायच्या आधी एक दिवस फोन. ठरलेला रेट सोडून दुसरा आकडा कोणाला सांगायचा नाही. तीन महिन्यांची मुदत. खाली माझी सही करून तिघांना व्हॉट्सॲपवर पाठवला. दोघांनी बघून सोडून दिला. तिसरा म्हणे, "भाऊ, लिहून कोणी देतं का? आपला तोंडी व्यवहार असतो." तोंडी व्यवहारानेच माझी बहीण सुरतेहून येऊन परत गेली.

त्याच्याकडची किल्ली आज जाऊन परत घेतली. द्यायला पण तयार नव्हता, "राहू द्या ना, एक पार्टी आहे रविवारी." घेतलीच. पारोळ्याच्या त्या काकांचा नंबर लग्नातल्या पाहुण्यांकडून मिळवला आणि स्वतः फोन केला, खरा रेट सांगितला. ते शनिवारी बायकोला घेऊन येतो म्हणाले, सकाळी दहाला. मी शुक्रवारी रात्रीच जळगावला पोचतोय. दार मी उघडीन.