वाय झिजतं ते नराचं म्हणून नाही

भाऊ, तुमची नाराजी पोचली. बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं, पुरुषाकडे एक एक्स, एक वाय; आणि त्या वायवरची जनुकं काळाच्या ओघात गळत गेली, असं मी लिहिलं होतं. त्या ‘वाय गुणसूत्र झिजतंय’ लेखावर तुम्ही लिहिलंत की, जे वापरात नसतं तेच झिजतं. म्हणजे मी वायला बिनकामाचं ठरवलं आणि पुरुषजात संपणार अशी आवई उठवली. आवई मी उठवलेली नाही, लेख परत वाचा. वापराचं मात्र बोलू.

तुमच्या दारातली कोंबडीच घ्या. पक्ष्यांत कारभार उलटा: कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं, कोंबडीकडे एक झेड, एक डब्ल्यू. आणि झिजलंय ते डब्ल्यू, मादीचं! कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगातही मादीच झेड-डब्ल्यू. तेव्हा इथं नराचा काही संबंध नाही.

कारण वेगळं आहे. बाईच्या शरीरात अंडपेशी बनताना दोन एक्स आपसांत तुकडे बदलतात. त्यात बिघडलेलं जनुक चांगल्यापासून सुटं होऊ शकतं. वायला टोकं सोडली तर अदलाबदलीला जोडीदारच नाही. गाजरगवताचं बी मिसळलेलं बियाणं आहे आणि चाळणी नाही, तर काय कराल? पेरलं तर तणासकट, फेकलं तर पोतंच गेलं. नर घडवणारं एसआरवाय जनुक (1990 साली सापडलं) वायवरच बसलंय. ते पुढं जायचं तर शेजारची बिघडलेली जनुकंही सोबत जातात. कामाचं आहे म्हणूनच ही फरफट.

आता ‘संपणार’चं. झीज कायम एकाच वेगानं होत नाही. 2012 साली माणसाचं वाय ऱ्हीसस माकडाच्या वायशी ताडून पाहिलं, तर दोघांचे वंश वेगळे झाल्यापासूनच्या अडीच कोटी वर्षांत आपल्या वायवरच्या मूळच्या जनुकांपैकी एकच गेलेलं निघालं. मधल्या काळात आपल्याकडे इमूपालनाचं वारं आलं होतं, त्या इमूचं डब्ल्यू तर अजून बरंचसं धडधाकट आहे. उलट जपानच्या आमामी बेटावरच्या काटेरी उंदरात वाय पार नाहीसं झालंय, एसआरवायही गेलंय. तरी नर जन्मतातच. त्यांच्यात सॉक्स-9 जनुकाजवळचा एक तुकडा दुप्पट झालाय आणि नर घडवण्याचं काम त्यानं उचललंय, असं 2022 च्या संशोधनातून दिसतं.

आणि आपल्या जंगलातली भेडकी, म्हणजे भेकर हरीण? मादीत गुणसूत्रं 6, नरात 7. तिच्यात एक्सला दुसरं एक गुणसूत्र चिकटलंय, त्यामुळे त्याचा सुटा राहिलेला जोडीदार आता वायसारखाच बापाकडून लेकाकडे जातो. पुढचा लेख त्याच्यावर लिहितोय. तिथंही भांडायला या.