ट्रेनिंगला जातो कोण आणि रात्री बेंचवर असतो कोण

मे महिना लागला, कॉलेजं बंद झाली, अर्धी मुंबई गावी गेली की रक्ताच्या तुटवड्याच्या बातम्या सुरू होतात. मग शिबिरं, बॅनर, नेत्यांचे फोटो. चांगलंच आहे, शिबिरं हवीतच. पण ती पिशवी पुढे ज्याच्या हातात जाते त्याला नक्की काय शिकवलंय हे कोणी विचारत नाही. मी बरीच वर्षं ब्लड बँकेत टेक्निशियन आहे म्हणून लिहितेय.

ट्रेनिंग होतच नाही असं नाही हां. शनिवारी दुपारी एसी हॉल, पीपीटी, समोसा, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. जातं कोण? इनचार्ज, आणि ज्याच्यावाचून त्या दिवशी काही अडत नाही तो. कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा नाइट संपवून कसारा लोकलमध्ये डुलक्या घेत असतो, आणि रात्री दोनला सिझरच्या पेशंटला ब्लीडिंग सुरू झालं की क्रॉसमॅच करायला, म्हणजे पेशंटच्या सीरमशी (सेल्स काढल्यावर उरणाऱ्या द्रवाशी) पिशवीतल्या सेल्स जुळतात का ते बघायला, तोच एकटा असतो.

आता यात पीपीटीने न येणारी गोष्ट सांगते. ही टेस्ट लावलेली ट्यूब सेंट्रिफ्यूज करून (मशीनमध्ये जोरात फिरवून) काढली की तळाशी लाल सेल्सचं बटण बसलेलं असतं, ते अगदी हलक्या हाताने, ट्यूब तिरपी करत सोडवायचं आणि सुटताना बघायचं, गुठळ्या होऊन सुटतंय की धुरासारखं सरळ पसरतंय. नवीन पोरं घाईत ट्यूब खडाखडा हलवतात. रिअ‍ॅक्शन वीक असेल तर तिथेच मोडते आणि रजिस्टरला निगेटिव्ह म्हणून चढते, म्हणजे न जुळणारं रक्त जुळलं म्हणून. हे शेजारी उभं राहून, त्याचा हात धरूनच शिकवावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

तसंच रिव्हर्स ग्रुपिंगचं, म्हणजे सीरमला ग्रुप माहीत असलेले सेल्स लावून ग्रुप उलट बाजूने तपासण्याचं. फॉरवर्ड (लाल सेल्सवरून थेट ग्रुप बघणं) झालं, ओ आला, चला पुढे. अरे बाबा, बॉम्बे ब्लड ग्रुप १९५२ साली आपल्याच परळच्या केईएममधल्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणला, आणि तो फॉरवर्डमध्ये हुबेहूब ओ दिसतो! त्याच्यात एच अँटिजेनच (ओ सेलवरही असते ती खूण) नसतो, त्यामुळे ग्रुपिंगमध्ये रिव्हर्सला ओ सेल लावला तरच तो पकडला जातो, कारण त्याचा सीरम ओ सेललाही गुठळ्या करतो. बहुतेक वेळा क्रॉसमॅचला अडकेल, मान्य, पण इमर्जन्सीत क्रॉसमॅच न करता पिशवी द्यायची वेळ आली तर? मुंबईत काम करणाऱ्याला हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे, आणि असं काही दिसलं की थांबायचं कुठे आणि फोन कोणाला लावायचा हेसुद्धा.

शिबिरातलं तर बोलायलाच नको. मांडवात टेबलाला टेबल लागून, आणि रक्तदात्याला लैंगिक संबंधांबद्दलचे प्रश्न मोठ्याने विचारायचे, मागे मंडळाचीच पोरं रांगेत उभी. कोण खरं सांगेल सांगा! आवाज खाली आणून, मान वर करून बोलणं हेही शिकवावं लागतं. आपण टेस्ट करतोच की, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की विंडो पीरियडमध्ये, म्हणजे संसर्ग झाल्यावरच्या सुरुवातीच्या दिवसांत, टेस्टही चुकते, तिथे त्या माणसाचं खरं उत्तरच कामाला येतं.

आणि वॉर्ड. सॅम्पलवर चुकीच्या पेशंटचं नाव आलं तर आम्ही खाली कितीही सोवळ्यात काम केलं तरी उपयोग शून्य. बेडजवळ लेबल लावायचं, आधी लावून ठेवायचं नाही, हे इंटर्नला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगायला हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे ब्लड बँकेचा माणूस हवा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, बजेट नाही. अहो, फ्रीजमध्ये क्रॉसमॅच झालेली सॅम्पल्स सात दिवस ठेवलेली असतातच. त्यातली दोन-तीन नाव झाकून महिन्यातून एकदा प्रत्येकाला द्या, नाइटवाल्याला आधी, त्याच्या ड्युटीच्या वेळेतच, आणि कोणीतरी सीनियर अर्धा तास शेजारी बसून त्याचा हात बघू दे. खर्च काय, तर सीनियरला महिन्यातून एक रात्र यावं लागेल. आमच्याकडे मी तयार आहे, रोस्टर तेवढं कोणीतरी बदलून द्या.