नवतपातला हॉट योगा

ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पुतणी पुण्याहून आली आणि तिने राहायला नाही, तापलेल्या खोलीत करायच्या हॉट योगाला टिनाची खोली मागितली. त्या खोलीत आम्ही मे महिन्यात तुरीची पोती आणि कोळपणीचा मोडका डवरा ठेवतो. माणूस ठेवत नाही.

"काका, पुण्यात याची फी भरावी लागते. इथे हीटरसुद्धा नको!"

इतिहासही तिनेच ऐकवला. परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ बिष्णुचरण घोष कोलकात्यात व्यायाम आणि योग शिकवत. त्यांचा शिष्य बिक्रम चौधरी १९७० च्या दशकात अमेरिकेत गेला आणि तापवलेल्या खोलीत आसनं शिकवू लागला. ४०.५ अंश तापमान, ४० टक्के आर्द्रता, २६ आसनं, ९० मिनिटं. या क्रमावर त्याने कॉपीराइटही सांगितला. तो तिथल्या अपील कोर्टाने २०१५ मध्ये फेटाळला.

४०.५! आमच्याकडे मे महिन्यात पारा एवढ्यावर थांबला तर लोक आभाळ आलं का ते बघायला बाहेर येतात.

पुतणीची तक्रार वेगळीच होती. हवा फार कोरडी. म्हणून तिने दारं-खिडक्या लावून आत कूलर सुरू केला. आता, कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो आणि अंग निवतं. म्हणून तर माणूस वावरात टिकतो. कोंडलेल्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता वाहतो आणि आतला ताव आतच राहतो. हे मला दंडायमान जानुशिरासनात, एका पायावर उभं असताना कळलं. आसनाचं नाव घेतानाच अर्धा दम गेला होता.

खिडकीची फट करून मायनं पाहिलं. "बाप्पा! एका पायावर काहून उभा राह्यला रे? काटा रुतला काय?"

तेवढ्यात लाइन गेली. महावितरणला मी एरवी दुवा देत नाही.

मीठ घातलेलं पन्हं पिता पिता मी फायदे विचारले. अंग मोकळं होतं, तोल सुधारतो, ताण कमी होतो, असं म्हणत तिने मोबाइल उघडला आणि गप्प झाली. २०१८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तीच आसनं काहींनी ४०.५ अंशांत केली, काहींनी २३ अंशांत, बारा आठवडे. रक्तवाहिन्यांचं काम दोन्हीकडे सुधारलं. उष्णतेची गरज दिसली नाही.

तेवीस अंश आमच्या तालुक्यात मे महिन्यात एकाच ठिकाणी मिळतात. दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. एसीखालच्या बाकावर पुतणीने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, तर शिपाई म्हणाला, "ताई, पहिले टोकन घ्या."